नऊ तासांचे तेरा तास

दोन शहरांमधील अंतर ही वादातीत गोष्ट आहे, असे आपण प्राथमिक शाळेपासून मानत आलो आहोत. राज्ये बदलतात, सरहद्दी सरकतात, नाण्याची किंमत घसरते. परंतु पुण्यापासून नागपूर पूर्वी जितके दूर होते तितकेच ते आजही आहे. अंतर ठरले की प्रवासाचा वेळही ठरला, आणि वाहनांचा वेग वाढेल तसतसा तो कमी होत जाईल, हा या समजुतीचाच पुढचा भाग होय. यंत्राच्या प्रगतीवर भरवसा ठेवून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तो सिद्ध करून दाखविण्याचीही गरज वाटत नाही.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो या दोन शहरांची हकीकत मात्र या समजुतीच्या नेमकी उलट आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले त्यांच्यातील किमान अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. १९८३ साली फिनएअर या कंपनीने दोहोंमध्ये विनाथांबा उड्डाण सुरू केले तेव्हा त्यास सुमारे तेरा तास लागत. पुढे हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. मार्च २०२२ मध्ये तो पुन्हा तेरा तासांचा झाला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत विमानांची इंजिने सुधारली, सांगाडे हलके झाले, दिशादर्शनाची साधने कल्पनेपलीकडे अचूक झाली; आणि प्रवासी मात्र वेळेच्या हिशेबाने जेथून निघाला होता तेथेच येऊन बसला. शहरे जागच्या जागी होती. हललेली वस्तू दुसरीच होती.

ती कोणती, हे पाहण्यापूर्वी नकाशाची एक फसवणूक लक्षात घ्यावयास हवी. वर्गातल्या भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून हेलसिंकी व टोकियो जोडले, तर ती रेषा कझाकस्तान आणि चीन यांवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तोच दोरा कितीतरी उत्तरेकडे सरकून सायबेरियाच्या बर्फाळ प्रदेशावरून जातो. हा प्रयोग मी वाहतूकखर्चाचा धडा शिकविताना दरवर्षी करतो. दोऱ्याची जवळजवळ संपूर्ण लांबी एकाच देशाच्या डोक्यावर पडते, हे पाहून एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, मग त्या देशाने दोरा धरू दिला नाही तर?” पुस्तकात या प्रश्नाला जागा नाही. तो देश म्हणजे पूर्वीचा सोव्हिएत संघ व आजचा रशिया.

दोरा धरू दिला, तर हिशेब सोपा आहे. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने ७,८०० किलोमीटर जावयास पावणेनऊ तास. चढण्या-उतरण्याचे आणि मार्गातील किरकोळ वळणांचे मिळून आणखी थोडे. पूर्वेकडे जाताना पाठीमागून वारा मिळतो, परतताना तोच समोरून येतो, म्हणून टोकियोहून परतीच्या प्रवासास थोडा अधिक वेळ लागतो. (अतिउंचीवरील या वेगवान वाऱ्यांचा शोध ओइशी वासाबुरो या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात लावला. जगभर वाचले जावे म्हणून त्याने तो एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि त्यामुळेच तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. भाषेच्या निवडीचे अर्थशास्त्रही कोणीतरी लिहावयास हवे.)

सोव्हिएत काळात परकी विमानांना हा दोरा सहसा धरता येत नसे. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवावरून अलास्कातील अँकरेजला आणि तेथून टोकियोला जाण्याचा मार्ग सुरू केला. पुढे पश्चिम युरोपातील बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या आणि अँकरेज हे आडबाजूचे गाव जगाच्या हमरस्त्यावरील धर्मशाळा बनले. फिनएअरने १९८३ मध्ये अधिक इंधन वाहणारी विमाने घेऊन ही धर्मशाळा वगळली. परंतु वाट तीच ठेवली: ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून, सोव्हिएत हद्दीला न शिवता. हद्दीला शिवणे म्हणजे काय, हे त्याच वर्षी जगाला दिसले. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत आकाशात शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली. त्याआधी १९७८ मध्ये पॅरिसहून निघालेल्या दुसऱ्या एका कोरियन विमानावर असाच गोळीबार होऊन दोन प्रवासी मृत्यू पावले होते. तेव्हा ते जादा साडेतीन तास म्हणजे कोणाची हौस नव्हती. जिवंत पोहोचण्याची ती किंमत होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सोव्हिएत धोरण सैल होत गेले आणि सायबेरियाचे आकाश उघडले. अर्थात फुकट नव्हे. युरोपीय कंपन्यांना विमान नेण्याबद्दल जे शुल्क भरावे लागे ते केवळ मार्गदर्शन-सेवेचे मोल नव्हते; सेवेच्या खर्चाहून कितीतरी अधिक असा तो आकार होता आणि युरोपीय संघाची त्याविषयी दीर्घकाळ तक्रार होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात नवल वाटू नये. रिकार्डोने खंडाचा सिद्धांत शेतजमिनीवरून मांडला: जमिनीच्या मालकाला काही न करता मिळणारे उत्पन्न, केवळ ती जमीन चांगली आणि मर्यादित आहे म्हणून. सायबेरियाचे आकाश ही तशीच एक सुपीक जमीन होती. तिच्यावर काही पिकत नव्हते; पण तिच्यावरून गेल्यास चार तास वाचत होते आणि त्या चार तासांचा खंड मालकाने वसूल केला.

खंड भरूनही हेलसिंकीचा फायदा झाला आणि तो कसा झाला हे समजून घेण्याजोगे आहे. पंचावन्न-छप्पन लाख वस्तीच्या देशातून टोकियोला रोज विमान भरावे इतके प्रवासी कोठून येणार? परंतु पश्चिम युरोपातून ईशान्य आशियाकडे ताणलेले बहुतेक दोरे फिनलंडच्या आसपासूनच जातात. फिनएअरने सर्व युरोपातले प्रवासी हेलसिंकीत गोळा करून ते पूर्वेकडे नेण्याचा व्यवसाय उभारला. शिवाय एक बारीक गणित होते. जाण्याचे साडेनऊ तास, परतीचे दहा, दोन्ही टोकांना साफसफाई व इंधन भरण्याचे मिळून चारेक तास, म्हणजे बेरीज चोवीसच्या आत. एक विमान आज संध्याकाळी गेले की उद्या संध्याकाळी तेच पुन्हा निघण्यास तयार. एका विमानात रोजची सेवा! अब्जावधी रुपये किमतीच्या यंत्राच्या बाबतीत या सोयीचे मोल किती असेल, याची कल्पना कारखान्यातील पाळ्यांचा हिशेब ठेवणारा कोणताही कारकून करू शकेल.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने २७ तारखेला रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने छत्तीस देशांच्या विमानांना आपले. हेलसिंकीचे ते चोवीस तासांचे गणित त्या दिवशी कोसळले. येथे सीमान्त खर्चाची नेहमीची शिकवण अपुरी पडते. प्रवास साडेतीन-चार तासांनी वाढला म्हणून खर्च त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. तेरा आणि तेरा मिळूनच सव्वीस होतात, म्हणजे एका विमानाची रोजची सेवा संपली. त्याच कामाला दुसरे विमान हवे, वैमानिकांची मोठी तुकडी हवी. या जातीचे विमान तासाला पाच-सहा टन इंधन जाळते. जादा तासांचे वीस-बावीस टन इंधन उड्डाणाच्या वेळी अंगावर घेऊन निघावे लागते, आणि ते वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन लागते. तेवढा माल कमी भरावा लागतो. नॉर्वेच्या समुद्रातील सॅल्मन मासा ताजा ताजा जपानी थाळीत पोहोचविणे हा हेलसिंकीचा एक मोठा धंदा होता. त्याच्या किमतीतही हा वळसा शिरला. तरीही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली, ती मुख्यतः मालवाहतुकीच्या बळावर. ध्रुवावरून गेल्याची आठवण म्हणून प्रवाशांना प्रमाणपत्र देण्यात येई. चार तासांच्या नुकसानीची पावती म्हणून ते वाईट नव्हते.

कंपनी बुडाली नाही. तिने काही विमाने वैमानिकांसकट दुसऱ्या कंपन्यांना भाड्याने दिली, माणसे कमी केली, मोहरा अमेरिका, आखात व भारत यांकडे वळविला (२०२२ साली तिने मुंबईलाही उड्डाण सुरू केले ते याच धडपडीत) आणि २०२३ मध्ये ती पुन्हा नफ्यात आली. बाजारपेठ वाट काढते, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडेल. मला ते अर्धेच आवडते. कारण कंपनीने वाट काढली म्हणजे हेलसिंकीला पूर्वीचे स्थान परत मिळाले असे होत नाही. ज्या भूगोलावर वीसेक वर्षांची गुंतवणूक केली तो भूगोल एका सकाळी उलटा झाला. पूर्वेकडचे दार असलेले शहर गल्लीच्या टोकाशी येऊन उभे राहिले.

माझे म्हणणे असे की दोन शहरांमधील प्रवासाचा वेळ हे भूगोलाचे नव्हे, तर करारांचे फलित आहे. आणि करार मोडल्याचा भुर्दंड बहुधा भांडणात नसलेल्यांवर पडतो. १९६२ साली यान टिनबर्गेन या डच अर्थशास्त्रज्ञाने देशादेशांतील व्यापार त्यांच्या आर्थिक आकाराच्या सम आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे सूत्र मांडले. ते उपयुक्त ठरले; आजही ठरते. परंतु त्यातील अंतर हे स्थिर धरलेले असते. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ बंद होता त्या आठ वर्षांत मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाचा मार्ग सात-आठ हजार किलोमीटरांनी वाढला होता. भूगोलाच्या पुस्तकात मात्र दोन्ही शहरे होती तेथेच राहिली.

कायदा काय म्हणतो? १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सत्ता आहे. आणीबाणीच्या परिस्थितीत आकाश बंद करण्याची मुभा नवव्या कलमाने दिली आहे. परंतु तेथे अट अशी की ही बंदी इतर सर्व राष्ट्रांच्या विमानांना भेदभाव न करता लागू व्हावी. प्रत्यक्षात भेदभाव हाच बंदीचा उद्देश झाला आहे. युरोपीय कंपन्यांना सायबेरिया बंद झाला तेव्हा चिनी कंपन्यांना तो उघडाच होता. युरोपातील एकाच धावपट्टीवरून चीनकडे निघालेल्या दोन विमानांपैकी एक आधी पोहोचते व एक नंतर, कारण त्यांच्या शेपटांवरचे झेंडे निराळे आहेत.

हे सारे दूरच्या लोकांचे दुखणे आहे, असे आपल्याला म्हणता येणार नाही. या प्रकारातील अत्यंत बोधप्रद प्रकरण आपल्याच उपखंडात घडले. कराची आणि ढाका ही १९७१ पर्यंत एकाच राष्ट्राची दोन प्रमुख शहरे. त्यांना जोडणारा सरळ मार्ग भारतावरून जाई. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला जाणारे ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यानंतर फेब्रुवारीच्या आरंभी भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने द्वीपकल्पाला वळसा घालून कोलंबोमार्गे जाऊ लागली आणि सुमारे २,३५० किलोमीटरांचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेकडे तक्रार केली. त्या संघटनेच्या मंडळाला हा अधिकारच नाही, असे म्हणत भारत हेगच्या न्यायालयात गेला. न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी भारताचे अपील फेटाळले. तोपर्यंत ढाका ही बांगलादेशाची राजधानी झाली होती. ज्या मार्गासाठी भांडण झाले तो मार्गच उरला नव्हता. गंमत अशी की १९५२ मध्ये याच संघटनेकडे तक्रार घेऊन भारत गेला होता, दिल्ली-काबूल उड्डाणांना पाकिस्तान वाट देत नाही म्हणून. पुढे त्यात तडजोड झाली. वादी-प्रतिवादी जागा बदलतात. वळसा तोच राहतो.

त्या वळशाचे आकडे २०१९ मध्ये पुन्हा समोर आले. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या एका भारतीय कंपनीच्या विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागे. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पाकिस्तानच्या विमानवाहतूक मंत्र्यांनीही आपले साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपयांचे नुकसान झाल्याचे जाहीर केले. म्हणजे खंड सोडून देणारा मालकही तोट्यात आणि कूळही. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश पुन्हा बंद केले, ३० एप्रिलला भारताने तेच केले, आणि मग ही मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. परदेशी कंपन्यांना मात्र मुभा होती. दिल्लीहून लंडनला जाण्यास किती वेळ लागतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर तिकीट कोणाचे, यावर अवलंबून राहिले.

२०१९ आणि २०२५ यांत एक फरक आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे पुरेशी झाली नाही. २०१९ मध्ये एअर इंडिया सरकारी होती. वळशाचा तोटा शेवटी तिजोरीवर, म्हणजे आपणा सर्वांवर पडला आणि संसदेत त्याचा आकडा विचारता आला. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली. २०२५ च्या बंदीमुळे वर्षाला सुमारे साठ कोटी डॉलरचा बोजा पडेल असा अंदाज कंपनीने सरकारला कळविल्याचे व साहाय्य मागितल्याचे वृत्त होते. ते साहाय्य द्यावे की न देावे यावर दोन मते असू शकतात. खासगी कंपनीचा धोका सरकारने का उचलावा, हा प्रश्न गैर नाही. परंतु निर्णय राष्ट्राच्या नावाने होतो आणि किंमत तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून जाते, तेव्हा निदान तो आकडा त्याला सांगितला तरी पाहिजे. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ लिपिक २०२५ च्या उन्हाळ्यात पत्नीसह मुलीच्या बाळंतपणासाठी दिल्लीमार्गे अमेरिकेस गेले. विनाथांबा म्हणून काढलेल्या तिकिटाचा प्रवास मध्ये युरोपात इंधनासाठी थांबून झाला. दोघे वृद्ध विमानातच बसून राहिले. परत आल्यावर त्यांनी मला विचारले, “सर, हे आठवड्याचे की वर्षाचे, एवढे तरी कोणी सांगायला नको का?”

वळसा नेहमीच निरर्थक असतो असे मात्र मी म्हणणार नाही. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियन विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे प्राणास मुकली. त्या भागातील आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंद होते. विमान ३३,००० फुटांवर होते. त्याच दिवशी आणखी दीडशेहून अधिक विमाने त्या भागावरून गेली होती, कारण मार्ग सरळ होता आणि इंधन वाचत होते. आकाश पूर्ण बंद करण्यास युक्रेनला पुरेसे कारण होते, असा निष्कर्ष डच चौकशी मंडळाने काढला. रशियावरील निर्बंधांबाबतही, आक्रमणाला उत्तर म्हणून फिनलंडने जे सोसले ते त्याने जाणून सोसले, असेच माझे मत आहे. तेथील सरकारचा त्या कंपनीत अर्ध्याहून अधिक वाटा आहे आणि तोट्याचे आकडे दर तिमाहीस छापून येत होते. नागरिकांना किंमत ठाऊक होती.

आपल्याकडे नेमके तेच होत नाही. बंदीची मुदत दर महिन्याला एका तांत्रिक सूचनेने वाढविली जाते, वृत्तपत्रात तिची चार ओळींची बातमी येते, आणि त्या चार ओळींत कोणत्या मार्गावर किती तास, किती इंधन, किती भाडे वाढले हे कधीही नसते. २०१९ चा आकडा उपलब्ध झाला, कारण त्या जुलैत तो संसदेत मांडला गेला. विमानकंपन्या खासगी झाल्या म्हणून ही माहिती देण्याचे सरकारला कारण उरले नाही, असे मानण्याचा प्रघात पडू नये. मुदतवाढीच्या प्रत्येक सूचनेसोबत मागील महिन्याचा हिशेब संसदेच्या पटलावर ठेवावयास फारसे काही लागत नाही; प्रत्येक उड्डाणाचा नियोजित मार्ग आणि प्रत्यक्ष वेळ यांची नोंद विमानवाहतूक खात्याकडे असतेच.